दोष पंपाचा नव्हता, माझ्या गाडीचा होता

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण निम्मी माफी आहे आणि निम्मी तुमच्या खिशाची गोष्ट आहे, त्यामुळे शेवटपर्यंत वाचा.

गेल्या गणपतीच्या सुमारास मी याच वॉलवर एक पोस्ट टाकली होती. 'जुन्या गाडीवाल्यांची लूट' असं तिचं शीर्षक. माझी गाडी लिटरला १७ किलोमीटर द्यायची, आता ११ वर आली; कारण एक तर ई-२० पेट्रोल, नाहीतर हायवेच्या पंपावर माप मारतात, असं मी ठोकून दिलं होतं. पंपाचं नाव घेतलं नव्हतं. पण आपल्या गावाला हायवेवर पंप आहेत किती? लोकांनी बरोबर ओळखलं. पोस्ट धडाधड शेअर झाली आणि मीही खूश झालो.

चार दिवसांनी त्या पंपाच्या मालकांचा फोन आला. आवाज चढवला नाही. म्हणाले, "साहेब, या एकदा, माप घालून बघा." गेलो. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि ग्राहकानं मागितलं तर त्यात पेट्रोल मोजून दाखवावं लागतं, हे मी स्वतः बातमीत लिहिलंय. स्वतः मात्र कधी मागितलं नव्हतं. माझ्यासमोर तीनदा माप भरलं. तिन्ही वेळा बरोबर.

चहा पिऊन घरी आलो आणि गप्प बसलो. पोस्ट काढली नाही, दुरुस्तही केली नाही. पत्रकार म्हणून ही माझी पहिली चूक. दुसरी यापेक्षा मोठी आहे, ती पुढं सांगतो.

आधी गाडीचं. माझी गाडी २०११ सालची, छोटी, पेट्रोलवरची. २०१६ मध्ये सेकंडहँड घेतली. तालुकाभर फिरणं, अधूनमधून कराड, सांगली, साताऱ्याची खेप. महिन्याला हजार किलोमीटर सहज होतात. ॲव्हरेज मी अंदाजानं सांगत नाही. टाकी फुल करायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा फुल करायची आणि भागाकार करायचा. ती डायरी गाडीतच असते. त्या डायरीत १७ चे १५, १५ चे १३ आणि शेवटी ११ झाले.

आता ई-२० चा हिशेब बघू. कारण या विषयावर दोन्ही बाजूंनी बेफाम बोललं जातं आणि त्यात मीही होतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांशानं कमी असते. म्हणून वीस टक्के इथेनॉल घातलं की ॲव्हरेज थोडं पडणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय, की ज्या चारचाकी साध्या पेट्रोलसाठी बनल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवल्या, त्यांचं ॲव्हरेज ई-२० वर अंदाजे ६ ते ७ टक्क्यांनी घटतं. म्हणजे 'काहीच फरक पडत नाही' म्हणणारे चुकतात. जुन्या रबरी नळ्या आणि वॉशरचा प्रश्नही खरा आहे. पण १७ चे सात टक्के म्हणजे सव्वा किलोमीटरच्या आत. गाडी पावणेसोळावर यायला पाहिजे होती. ती ११ वर आली. मग मधले पावणेपाच किलोमीटर गेले कुठं?

हा भागाकार चौथीतलं पोरगंही करेल. मी केला नाही. कारण राग आलेला असला की माणूस हिशेब करत नाही, शत्रू शोधतो. आणि शत्रू तयारच होता.

मग मी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. नाव सांगत नाही. तिथं एसीत बसवलं आणि ३८ हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. इंजेक्टर क्लीनिंग, इंजिनमधला कार्बन काढणं, क्लच, आणखी काय काय. वर सल्ला, "सर, गाडी चौदा वर्षांची झाली. एक्स्चेंजमध्ये द्या ना." 'पंधरा वर्षं झाली की कुठं त्या पुनर्नोंदणीच्या आणि पर्यावरण कराच्या मागं लागताय,' असं मित्रही म्हणत होते. मी जवळजवळ तयार झालो होतो.

वाचवलं ते स्टँडमागच्या गल्लीतल्या एका गॅरेजनं. आयटीआय झालेला तिशीच्या आतला पोरगा आहे. पत्र्याचं शेड, एक टूल ट्रॉली आणि पाना धरायच्या आधी हातात घेतलेला स्कॅनर. म्हणाला, "दादा, अगोदर गाडीला विचारू. ती काय म्हणतीय बघू, मग खोलू."

स्टेअरिंगखालच्या सॉकेटला त्यानं वायर जोडली, इंजिन चालू केलं आणि पंधरा-वीस मिनिटं नुसतं चालू ठेवलं. मग मला स्क्रीन दाखवला. कुलंटचं तापमान, म्हणजे इंजिनभोवती फिरणाऱ्या पाण्याचं तापमान: ३८ अंश. "आता रेडिएटरच्या या वरच्या पाइपला हात लावा." लावला, आणि चटका बसला म्हणून झटकन मागं घेतला. पोरगं हसलं. "पाणी उकळायला आलंय आणि सेन्सर सांगतोय कोमट."

इथं दोन मिनिटं थांबून सांगतो, कारण मलाही हे पंचेचाळिशीत कळलं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं हे कार्ब्युरेटर ठरवत नाही. गाडीतला छोटा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, ठरवतो. त्याला स्वतःला डोळे नाहीत. सेन्सर सांगतील ते खरं. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं. जुन्या गाड्यांना आपण सकाळी चोक द्यायचो, तसंच. इंजिन तापलं की चोक आत ढकलायचा. माझ्या गाडीच्या तापमानाच्या सेन्सरला इंजिन तापल्याचं कळतच नव्हतं. म्हणजे मी महिनोन्‌महिने चोक ओढून गाडी चालवत होतो, आणि शिव्या पंपाला देत होतो.

दुसरा सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात असतो, ऑक्सिजन सेन्सर. धुरात ऑक्सिजन किती उरला ते तो बघतो. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनानं साधारण १४.७ भाग हवा लागते. ते प्रमाण बिघडलं की हा सेन्सर ईसीएमला सांगतो आणि ईसीएम पेट्रोल कमी-जास्त करतो. चांगला सेन्सर स्क्रीनवर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये भराभर खालीवर नाचताना दिसतो. तो मेला की ईसीएम आंधळा होतो आणि इंजिन बंद पडू नये म्हणून सहसा पेट्रोल सैल हातानं सोडतो.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. इथेनॉल मिसळलं की हवेचं हे प्रमाण बदलतं, पेट्रोल थोडं जास्त सोडावं लागतं. ती जुळवाजुळव करतो हाच ऑक्सिजन सेन्सर. म्हणजे ज्या जुन्या गाडीचा हा सेन्सर थकलाय, तिला ई-२० जास्तच जाचणार. आपण भांडतो इंधनाशी, आणि ते सांभाळून घेणारा सेन्सर आत मरून पडलेला असतो.

माझ्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर नाचत नव्हता. वरच्या बाजूला बसून राहिला होता, मधेच आळोखेपिळोखे दिल्यासारखा हलायचा. मी म्हटलं, "दोन्ही बदलून टाक." तो म्हणाला, "नाही दादा. पेट्रोल खरंच जास्त जातंय, म्हणून तो तसं दाखवत असेल. खरं बोलणाऱ्याला कशाला काढायचं? आधी खोटं बोलणारा बदलू." तापमानाचा सेन्सर बदलला. तेव्हा आणखी एक भानगड निघाली. गाडीतला थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह कुणीतरी आधीच काढून फेकलेला. 'गाडी गरम होते' म्हटलं की आपल्याकडं बरेच मिस्त्री हा व्हॉल्व्ह काढून टाकतात. मग इंजिन वेळेवर तापतच नाही आणि पेट्रोल पीत राहतं. नवा बसवला. चार दिवस गाडी चालवून परत बोलावलं, पुन्हा स्कॅनर लावला. ऑक्सिजन सेन्सर आता नाचत होता, पण म्हाताऱ्यासारखा. तेव्हा तो बदलला.

मी विचारलं, "एवढं सगळं बिघडलं होतं, तर मीटरवर चेक इंजिनचा दिवा कसा लागला नाही?" त्यानं मीटर खोलला. दिव्यावर काळी टेप व्यवस्थित कापून चिकटवलेली. २०१६ मध्ये मला गाडी विकताना कुणीतरी ही कलाकुसर केलेली. इतकी वर्षं गाडी मला काहीतरी सांगत असेल, आणि तिच्या तोंडाला पट्टी होती.

बिल सांगतो. तापमानाचा सेन्सर ६५०, थर्मोस्टॅट ९००, कुलंट ५००, ऑक्सिजन सेन्सर ३४००, मजुरी आणि स्कॅनिंग १०००. एकूण ६४५०. कुठं ३८ हजार आणि कुठं हे.

त्यानंतर तीन टाक्या मोजल्या. ॲव्हरेज १५. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर आधी ९१ लिटर लागायचं, आता ६७. चोवीस लिटर वाचलं, म्हणजे आजच्या भावानं महिन्याला अडीच हजारांच्या आसपास. तीन महिन्यांच्या आत बिल वसूल. आणि एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे महिन्याला पन्नास-पंचावन्न किलो धूर कमी झाला तो वेगळाच. १७ चे १५ राहिले, ते ई-२० चं आणि गाडीच्या वयाचं. तेवढं मला मान्य आहे.

आता माझी दुसरी चूक.

आपल्या गावात शाळेची व्हॅन चालवणारे मामा आहेत. नाव घेत नाही, तुम्ही ओळखता. त्यांची २०१२ ची पेट्रोल व्हॅन अशीच अचानक पेट्रोल प्यायला लागली. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, इंजिन बसलंय, काम काढायला ३५ हजार लागतील. मामा माझ्याकडं आले. "तुम्ही पेपरवाले, तुम्हाला माहिती असतं. काय करू?" मी माझ्याच पोस्टच्या गुर्मीत होतो. म्हणालो, "मामा, विकून टाका. ई-२० नं जुन्या गाड्यांची वाट लावलीय."

मामांनी ऐकलं. व्हॅन ४५ हजारांना गेली. नवी व्हॅन कर्जावर घेतली, महिन्याला नऊ हजारांचा हप्ता, पाच वर्षं. हप्ता भागवायला त्यांनी प्रत्येक मुलामागं दोनशे रुपये वाढवले. मळ्यातल्या वस्तीवरच्या दोन बहिणींच्या घरच्यांना ते झेपलं नाही. त्या आता सायकलवर डबलसीट जातात, ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरच्या गर्दीतून.

आणि ती जुनी व्हॅन? शेजारच्या गावातला एक भाजीवाला चालवतोय. माझी गाडी दुरुस्त झाली त्याच गॅरेजमध्ये तो भेटला. म्हणाला, "काही नव्हतं हो. उंदरानं सेन्सरची वायर कुरतडली होती. तीनशे रुपयात काम झालं." सेन्सरसुद्धा चांगला होता, फक्त वायर.

त्या रात्री झोप लागली नाही. ही पोस्ट त्यासाठी आहे. पंपमालकांची जाहीर माफी मागतो. मामांची घरी जाऊन मागितली. ते म्हणाले, "असू दे, तुम्हाला तरी काय माहीत." हेच तर टोचतं. मला माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं.

पण ही फक्त माझी गोष्ट नाही म्हणून पुढचं लिहितो. जुनी गाडी म्हणजे शहरातल्यांना शौक वाटत असेल. आपल्याकडं ती रोजीरोटी आहे: दूधवाला, भाजीवाला, शाळेची व्हॅन, पेशंटला रात्री कराडला नेणारा शेजारी. ही सगळी गाडी भंगारात घाला म्हणणं सोपं आहे. तिला आधी तपासा म्हणणारं कुणी नाही. ज्यानं तपासायला पाहिजे, ती व्यवस्थाच झोपलीय.

पीयूसी बघा. ही तपासणी नीट झाली असती, तर माझी गाडी कधीच पकडली गेली असती. इंजिन जास्त पेट्रोल पीत असलं की धुरातला कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि पीयूसीच्या कागदावर तोच आकडा असतो. मी गाडीतले जुने पीयूसीचे कागद काढून बघितले. सलग तिन्हींवर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा एकच. सायलेन्सरमध्ये नळी घातल्याचं मला एकदाही आठवत नाही. नंबर प्लेटचा फोटो काढला, पैसे घेतले, कागद दिला. मीही घेतला, कारण पोलिसानं अडवलं तर कागद पाहिजे. पीयूसी नसेल तर दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाची भीती आहे, पण तपासणी होते का हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही. मला पण वाटली नव्हती.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सरकारला जुन्या गाडीचा धूर कमी करायचा असेल, तर ती भंगारात घालायच्या आधी तिचे कान-डोळे तपासायची सोय तालुक्याला करा.

१. पीयूसी केंद्रावर नळी खरंच घातली जाते का, हे आरटीओनं अचानक येऊन बघावं. आणि आकडा जास्त आला तर 'नापास' एवढंच न सांगता 'सेन्सर, प्लग, फिल्टर तपासून घ्या' असं मराठीत छापून द्यावं.

२. आपल्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना चांगला स्कॅनर हाताळायला मिळावा. आणि जुन्या मिस्त्री लोकांसाठी रविवारी आठवड्याचा एक वर्ग सुरू करावा. त्यांच्या हातात कला आहे, कानानं इंजिन ओळखतात. पण सेन्सर कानाला ऐकू येत नाही.

३. पालकसभेत व्हॅनच्या फीवरून वाद होतो, तिथं व्हॅनवाल्यांसाठी वर्षातून एक तपासणी शिबिर ठेवावं. डोळ्यांची शिबिरं भरवतो, तसंच. खर्च हार-तुऱ्यांपेक्षा कमी येईल.

आता कुणी ही पोस्ट वाचून उद्या सगळे सेन्सर बदलायला धावू नका. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीत असं म्हटलंय, की बिघडलेली गाडी दुरुस्त केली तर सरासरी चार टक्के फरक पडतो. ऑक्सिजन सेन्सरसारखा मोठा दोष असेल तरच तो चाळीस टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे माझ्यासारखं घबाड प्रत्येकाला लागणार नाही. टायरमध्ये हवा कमी असेल, ब्रेक घासत असेल, क्लच सुटत असेल तर सेन्सर काय करणार? आणि स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असंही नाही. कोड म्हणजे ताप आहे, आजार शोधावा लागतो. वायर तुटलेली असेल, कुठं हवा खेचत असेल, सायलेन्सरचा पाइप फुटला असेल. कोड वाचून थेट पार्ट बदलणारा मिस्त्री आणि नाडी न बघता इंजेक्शन टोचणारा डॉक्टर, दोघेही सारखेच. स्वस्तातला डुप्लिकेट सेन्सरही घेऊ नका. तो बसवल्या दिवसापासून खोटं बोलतो.

तुम्ही काय करायचं? एक: तीन टाक्या मोजा, फुल टू फुल. दोन: किल्ली फिरवा, गाडी चालू न करता. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि गाडी चालू झाल्यावर विझला पाहिजे. लागतच नसेल तर टेप शोधा. सेकंडहँड गाडी घेताना तर हे पहिलं बघा. तीन: काही खोलायच्या आधी स्कॅनर लावायला सांगा आणि स्क्रीन स्वतः बघा. चार: पीयूसीला नळी घालायला लावा. लाजू नका, पैसे तुम्ही देताय.

वस्तीवरच्या त्या दोन मुलींच्या व्हॅनचे पैसे जूनपासून मी भरणार होतो. मामांनी घ्यायला नकार दिला. म्हणाले, "पैसे नको. तुम्ही लिहिता ना, मग खरं काय ते लिहा. तेवढं पुरे."

लिहिलं, मामा. जुनी पोस्ट काढत नाही. तिच्याखाली पहिल्याच कमेंटमध्ये ही चिकटवतोय. ज्यांनी ती शेअर केली होती, त्यांनी ही पण करा.